लोखंडाला मज्जाव

जुलै उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज दोन आकडे छापून येतात: कुलाब्याला किती मिलिमीटर पाऊस झाला आणि सांताक्रूझला किती. यातला कुलाब्याचा आकडा ज्या वेधशाळेकडून येतो, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पाऊस मोजला जातो आहे. याच वेधशाळेचे दुसरे एक काम मात्र १९०४ साली तिथून उठले आणि समुद्रापलीकडे अलिबागला गेले. ते काम पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या मोजणीचे. पर्जन्यमापक, तापमापक, वायुभारमापक होते तिथेच राहिले. चुंबक तेवढे हलले. असे का झाले, याचे उत्तर सहसा एका ओळीत दिले जाते: मुंबईत विजेची ट्राम येणार होती. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. ट्राम हे निमित्त होते. त्यामागे एक मोठी गोष्ट आहे आणि ती पदार्थांच्या स्वभावाची आहे. लोखंड, तांबे, काळा दगड, चुनखडक, भाजलेली वीट हे सगळे चुंबकी क्षेत्रात एकसारखे वागत नाहीत. कुलाबा-अलिबागच्या नोंदींना आज जगात जी किंमत आहे, ती या फरकाची कदर करणाऱ्यांमुळे आहे असे मला वाटते. उपकरणे बदलत गेली, माणसे बदलली, राज्य बदलले. चुंबकाजवळ काय असावे आणि काय नसावे याचे पथ्य मात्र सुटले नाही. या वेधशाळेचा इतिहास त्या पथ्याच्या अंगाने वाचला तरच नीट लागतो.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली. हेतू व्यवहाराचा होता: आकाशातले वेध घेऊन अचूक वेळ ठरवायची आणि बंदरातल्या जहाजांना ती पुरवायची. चुंबकत्वाची मोजणी तिथे १८४१ मध्ये सुरू झाली, आणि तिचे मूळ जर्मनीत होते. गटिंगेनला गाउस आणि वेबर या दोन शास्त्रज्ञांनी १८३० च्या दशकात पृथ्वीचे चुंबकी क्षेत्र मोजण्याची शिस्तशीर पद्धत बसवली. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, अनेक देशांत एकाच वेळी वाचन घ्यायचे आणि मग ते ताडून पाहायचे, असा तो बेत होता. ब्रिटिशांनी हा बेत आपल्या साम्राज्यभर नेला आणि कंपनीने सिमला, मद्रास, सिंगापूर आणि मुंबई ही ठिकाणे पत्करली. मुंबईत हे काम एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्याकडे आले. त्यांचे मदतनीस होते केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना. तेव्हा ते जेमतेम सोळा वर्षांचे होते. नंतरची सुमारे दहा वर्षे त्यांनी कुलाब्याला काढली. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांकडेही काही काळ या वेधशाळेची जबाबदारी होती. केरूनाना मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. ज्या चुंबकांची वाचने त्यांनी तरुणपणी कुलाब्याला घेतली, त्यांची परंपरा साठेक वर्षांनी त्यांच्या जन्मगावाच्या शेजारी जाऊन वसली, याची नोंद आपल्याकडे फारशी कोणी घेतलेली दिसत नाही.

१८४१ साली 'चुंबकाला न जुमानणारा पदार्थ' याचा अर्थ एवढाच होता: ज्यात लोखंड नाही असा. लोखंड, निकेल आणि कोबाल्ट यांना चुंबक ओढतो आणि बाकीच्या सृष्टीशी त्याला काही कर्तव्य नाही, अशी सर्वसाधारण समजूत होती. बिस्मथला चुंबक दूर सारतो हे अठराव्या शतकात ब्रुगमान्स यांनी पाहिले होते, पण ती एक सुटी नवलाई म्हणून पडून राहिली होती. १८४५ च्या नोव्हेंबरात मायकेल फॅरडे यांनी लंडनमध्ये एका बलवान विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये जड काचेचा तुकडा टांगला, आणि तो ध्रुवांकडे वळण्याऐवजी आडवा झाला. मग त्यांनी हाताला येईल ते टांगून पाहिले. लाकूड, पाव, सफरचंद, गोमांस, काहीही सोडले नाही. निष्कर्ष असा निघाला की चुंबकाला प्रतिसाद न देणारा पदार्थच नाही. काही पदार्थ अतिशय क्षीणपणे दूर सारले जातात, ते प्रतिचुंबकी. तांबे, पाणी, लाकूड, चुनखडक या वर्गातले. काही तितक्याच क्षीणपणे ओढले जातात, ते समचुंबकी. ॲल्युमिनियम आणि हवेतला ऑक्सिजन इथे बसतात. लोखंडासारखे मोजके पदार्थ मात्र प्रचंड जोराने ओढले जातात, आणि क्षेत्र काढून घेतले तरी त्याची आठवण धरून ठेवतात, ते लोहचुंबकी. कुलाब्याच्या नोंदींची जी सलग मालिका पुढे छापली गेली ती १८४६ पासूनची आहे, म्हणजे फॅरडेंच्या प्रयोगांनंतर अवघ्या काही महिन्यांतली.

फॅरडेंमुळे वेधशाळेपुढचा प्रश्न बदलला, असे मी मानतो. चुंबकाला अगदी निर्लेप असे काहीच नसेल, तर निर्लेप पदार्थ शोधण्यात अर्थ नाही. कोणता पदार्थ किती ढवळाढवळ करतो हे मोजायचे आणि आपल्याला हव्या असलेल्या अचूकतेच्या खाली ती राहते का ते पाहायचे. हा हिशेब आकड्यांत मांडला की स्पष्ट होतो. चुनखडकातले खनिज, कॅल्साइट, बाहेरच्या क्षेत्राच्या सुमारे लाखात एक या प्रमाणात चुंबकते आणि तेही उलट दिशेने. आपल्या सह्याद्रीतला काळा कातळ, बेसाल्ट, साधारण शंभरात दोन-तीन या प्रमाणात चुंबकतो. दोन्ही दगडच, दोन्हींची भिंत डोळ्याला सारखीच भक्कम, पण चुंबकाच्या लेखी त्यांच्यात हजारोपटींचा फरक आहे. आणि मोजायचे काय, तर अलिबागला पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राचा आडवा, म्हणजे जमिनीला समांतर, घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला (चुंबकी क्षेत्र मोजण्याचे एकक) भरतो आणि शांत दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो काही दशक नॅनोटेस्लांनी हलतो. हजारात एक-दीड भागाची ही हालचाल टिपायची, तर भोवतालच्या वस्तूंची ढवळाढवळ त्याहून कितीतरी कमी असायला हवी.

हे पथ्य उपकरणांतही होतेच. कुलाब्याला १८४० च्या दशकात डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेले चुंबकमापक आले आणि ते १८७२ पर्यंत चालले. त्यातला पोलादी चुंबक आडवा टांगलेला असे. दिक्पात, म्हणजे सूची खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते, मोजायचा चुंबक एका टांगणीवर मोकळा फिरे. आडव्या घटकासाठी दोन समांतर तारांची टांगणी असे. तिला पीळ देऊन चुंबक मुद्दाम पूर्व-पश्चिम धरून ठेवायचा, म्हणजे क्षेत्राचा जोर किंचित वाढला-घटला की तो किंचित वळणार. निरीक्षक लांबून दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचत असे. टांगलेला चुंबक एकदा हलला की बराच वेळ झुलत राहतो, आणि झुलत्या चुंबकाचे वाचन घेता येत नाही. त्याला शांत करायला तांबे वापरत. तांब्याला चुंबक ओढत नाही, तरीही तांब्याजवळ झुलणारी सूची लवकर स्थिरावते, हे १८२४ च्या सुमारास पॅरिसला आरागो यांनी दाखवले होते. फॅरडेंनी १८३१ साली त्याचे कारण सांगितले: हलत्या चुंबकामुळे तांब्यात विजेचे भोवरे उठतात आणि ते त्या हालचालीलाच विरोध करतात. चुंबक थांबला की भोवरे विरतात आणि तांबे पुन्हा अलिप्त होते. हलत्याला अडवायचे आणि थांबलेल्याला स्पर्शही करायचा नाही, हा गुण वेधशाळेच्या कामाला नेमका हवा तसा होता. पोलादाचा स्वभाव याच्या उलट. तापले की त्याचे चुंबकत्व थोडे कमी होते, थंड झाले की बरेचसे परत येते. म्हणून खोलीचे तापमान शक्य तितके स्थिर ठेवावे लागे आणि प्रत्येक वाचनाला तापमानाची दुरुस्ती लावावी लागे. पिएर क्यूरी यांनी १८९५ मध्ये तापमान आणि चुंबकत्व यांचे नाते नियमात बसवले, पण वेधशाळांना ते हिशेबाच्या वहीतून कधीच माहीत झाले होते.

या दक्षतेचे फळ काय, ते २ सप्टेंबर १८५९ रोजी दिसले. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावरच्या डागांचे चित्र काढता काढता डागांमध्ये पांढरा लख्ख उजेड फुटताना पाहिला. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकी वादळ आदळले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बंद पडली, ध्रुवीय प्रकाश क्यूबापर्यंत दिसला. इंग्लंडमध्ये तेव्हा छायाचित्रावर आपोआप रेघ उमटवणारी उपकरणे होती आणि वादळाच्या भरात ती रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्याला अजून डोळ्याने वाचन घेण्याचीच पद्धत होती. एरवी तासातासाने वाचन व्हायचे. गडबड दिसली की पंधरा मिनिटांनी, मग पाच मिनिटांनी. त्या सकाळी अकराच्या पुढे आडवा घटक जवळजवळ १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळला आणि लगेच बराचसा सावरला. ते आकडे निरीक्षकांनी लिहून ठेवले. छापील खंडांत ते दीडशे वर्षे पडून होते. २००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि ॲलेक्स या चौघा शास्त्रज्ञांनी ते नव्याने अभ्यासले, आणि आज पृथ्वीवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या सौर वादळाची चर्चा कुलाब्याच्या या आकड्यांना धरून होते. १९८९ च्या ज्या वादळाने कॅनडात क्वेबेकची वीज घालवली, त्याची तीव्रता याच्या निम्मीही नव्हती.

यावर एक रास्त आक्षेप घेतला गेला आहे. कुलाब्याची ती घसरण फार थोडा वेळ टिकली. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ज्या वलयाकार विद्युतप्रवाहाने अशा घसरणी होतात तो इतक्या झटपट ओसरत नाही. शिवाय त्या वेळी मुंबईत दुपार होत आली होती. म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात की १,६०० चा काही भाग वातावरणाच्या वरच्या थरातल्या प्रवाहांचा असावा. तासाची सरासरी घेतली तर आकडाही बराच खाली येतो. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, पण तो कशाविषयी आहे ते पाहिले पाहिजे. वाद आहे तो घसरण कशामुळे झाली यावर. घसरण झाली की नाही यावर नव्हे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या हाताने लिहिलेल्या आकड्यावर आजचे तज्ज्ञ असा वाद घालू शकतात याचे कारण वादळाच्या आधीची आणि नंतरची वाचने सलग उपलब्ध आहेत आणि त्यांची पायाभूत पातळी विश्वासार्ह आहे. चुंबकाशेजारी कोणी लोखंडी वस्तू आणून ठेवत असता, तर ही पातळी जागोजाग तुटलेली दिसली असती आणि १,६०० या आकड्यावर वाद घालण्याचीही सोय उरली नसती.

दुसरा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे. हे सगळे साम्राज्याचे विज्ञान होते, जहाजे आणि तारायंत्रे यांच्या सोयीसाठी चालवलेले. इथले लोक त्यात केवळ आकडे टिपणारे कारकून होते, असे म्हणता येईल. हेतूपुरते हे खरे आहे. पण रात्री-अपरात्री, श्रावणाच्या धारांत, ठरल्या मिनिटाला दुर्बिणीला डोळा लावणारा माणूस आणि ते आकडे दुरुस्त करून मांडणारा माणूस यांना वगळले तर त्या विज्ञानाजवळ काय उरते? शिवाय गोष्ट तिथे थांबली नाही. १८९६ साली नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस वेधशाळेचे संचालक झाले. या पदावर कायम नेमणूक झालेले ते पहिले भारतीय. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी त्यांनी एकत्र करून १९१० मध्ये प्रसिद्ध केल्या. नुसते आकडे छापून ते थांबले नाहीत. अनेक वादळे एकावर एक ठेवून त्यांनी वादळाची सरासरी चाल काढली: आधी छोटी उसळी, मग मोठी घसरण, मग कित्येक दिवस चालणारी हळू भरपाई. चुंबकी वादळाचे हे रूप पुढे जगभराच्या अभ्यासात पायाभूत ठरले. वेधशाळा वाचवण्याचा निर्णयही मूस यांच्याच कारकिर्दीत अमलात आला.

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ पासून धावत होती आणि ती कुलाब्यापर्यंत येत होती. तिच्या रुळांतही लोखंड होतेच. तीस वर्षे त्या रुळांनी चुंबकांना उठवले नाही, कारण रूळ जागचे हलत नाहीत आणि चुंबकाचा प्रभाव अंतराच्या घनाने उतरतो: अंतर दुप्पट केले की आठवा हिस्सा उरतो. विजेच्या प्रवाहाचे तसे नाही. लांब सरळ तारेतून १०० अँपिअर प्रवाह जात असेल तर एक किलोमीटरवर त्याचे क्षेत्र २० नॅनोटेस्ला भरते, आणि दोन किलोमीटरवर ते फक्त निम्मे होते. ट्रामच्या वरच्या तारेतून गेलेला प्रवाह रुळांतून परत आला असता तर दोघांनी एकमेकांना बरेचसे खोडले असते. पण रूळ जमिनीवर उघडे असतात; प्रवाहाचा काही भाग ओल्या मातीत, पाण्याच्या नळांत शिरतो आणि भलत्या वाटेने घरी येतो. शिवाय ट्राम सुटते, थांबते, चढ चढते, तसा तो क्षणोक्षणी बदलतो. सूर्यामुळे होणारा बदल कोणता आणि ट्रामचा कोणता, हे त्या रेघेतून वेगळे काढणे अशक्य होऊन बसते. विजेची ट्राम मुंबईत १९०७ च्या मे महिन्यात प्रत्यक्ष धावली. त्याच्या तीन वर्षे आधी, १९०४ मध्ये, अलिबागला चुंबक मांडून झाले होते.

इथे कोणीही विचारील: खोलीला संरक्षण का दिले नाही? लोखंडाचे जाड कवच केले की बाहेरचे क्षेत्र आत येत नाही, हे तर तेव्हाही ठाऊक होते. ते खरे, पण लोखंडाचे कवच ट्रामचे क्षेत्र आणि पृथ्वीचे क्षेत्र यांत भेद करत नाही. जे मोजायचे तेच बाहेर राहिले असते. आणि लोखंडाखेरीज बाकीचे पदार्थ, दगड असो, लाकूड असो की तांबे, संथपणे बदलणाऱ्या क्षेत्राला अडवतच नाहीत; त्यांच्या आरपार ते जाते. म्हणजे भिंत जितकी योग्य, तितकी ती निरुपयोगी ढाल. जागा सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. जगभर हेच घडत होते. टोरंटोची चुंबकी वेधशाळा १८९८ मध्ये ॲजिनकोर्टला गेली, लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचे काम १९०८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूरला, ग्रिनिचचे १९२४ मध्ये अ‍ॅबिंजरला आणि तिथेही विजेची रेल्वे पोचल्यावर १९५७ मध्ये हार्टलंडला. अशा प्रत्येक स्थलांतरात मालिका तुटण्याचा धोका असतो, कारण दोन ठिकाणची क्षेत्रे मुळातच वेगळी असतात. क्यू आणि एस्कडेलम्यूर यांच्यात तर जवळजवळ सबंध इंग्लंडची लांबी आहे. अलिबाग कुलाब्यापासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर, एकाच किनाऱ्यावर आहे. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली गेली आणि दोहोंतला फरक ठरवून जुनी मालिका नव्या मालिकेला जोडली गेली. म्हणून आज १८४० च्या दशकापासूनची एक सलग ओळ आपल्या हाती आहे. अशा लांबीच्या ओळी जगात बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

आता अलिबागची इमारत. कोकणात १९०४ साली घर बांधायचे तर सामान ठरलेले: काळा दगड किंवा जांभा चिरा, भाजलेली वीट, कौले, लोखंडी खिळे आणि कड्या. या यादीतली एकही वस्तू चुंबकाच्या घरात चालत नाही. काळ्या दगडात मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकी खनिजाचे कण असतात. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या संयुगांचाच आहे. वीट आणि कौल यांची गोष्ट जरा निराळी आणि फार सुंदर आहे. मातीत थोडे लोह असतेच. ती भट्टीत भाजली की त्याची चुंबकी खनिजे बनतात, आणि भट्टी निवताना ते कण त्या क्षणीच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरून बसतात. प्रत्येक वीट म्हणजे एक कायमचा, क्षीण चुंबक असतो. फ्रान्समध्ये शास्त्रज्ञ तेलिये यांनी पुढे अशाच जुन्या विटांवरून गेल्या काही हजार वर्षांतले पृथ्वीचे क्षेत्र शोधून काढले. इतिहासकाराला जी वीट हवी, तीच वेधशाळेला नको. म्हणून अलिबागला दगड आणला तो काठेवाडातून, पोरबंदरचा. हा फिकट, मऊ, सहज घडवता येणारा चुनखडक मुंबईच्या मोठ्या इमारतींत नक्षीकामाला वापरला जाई, त्यामुळे तो समुद्रमार्गे आणण्याची वहिवाट होतीच. खिळे, बिजागऱ्या, कड्या तांब्या-पितळेच्या. पितळही डोळे मिटून घेता येत नाही. ओतताना त्यात लोखंडाचा अंश शिरला तर ते चुंबकाला हलवते, म्हणून प्रत्येक नग चुंबकाजवळ नेऊन पारखावा लागतो. अशा खोलीत शिरणाऱ्या निरीक्षकावरही तीच बंधने येतात: किल्ल्या, चाकू, टाचांना नाळ मारलेली चप्पल, पोलादी काड्यांची छत्री, सगळे बाहेर. यात सोवळेपणाचा भाग काही नाही. चुंबकलेला छोटा चाकू एक मीटरवर दोनेक नॅनोटेस्लांचा फरक सहज पाडतो.

या सगळ्या खटाटोपावर सर्वांत तर्कशुद्ध आक्षेप असा: भिंतीचे क्षेत्र कायमचे असेल तर ते एकदा मोजावे आणि वजा करून टाकावे; पोरबंदरचा दगड कशाला? भिंत खरोखर बदलणार नसेल तर हे म्हणणे बिनतोड आहे. अडचण अशी की चुंबकी दगडाची भिंत बदलते. तिच्या चुंबकत्वाचा एक भाग पृथ्वीच्या क्षेत्रामुळे त्या त्या क्षणी उत्पन्न झालेला असतो. वादळात क्षेत्र हलले की तोही हलतो. म्हणजे जे वजा करायचे, ते मोजायच्या गोष्टीबरोबरच वरखाली होत राहते. उन्हाने भिंत तापते, पावसाने निवते, तसा तो बदलतो. त्यातल्या मऊ कणांचे चुंबकत्व वर्षानुवर्षे हळूहळू वळत राहते. हा सर्वांत घातक दोष, कारण पृथ्वीचे क्षेत्रही दशकांच्या वेगानेच बदलते आणि शंभर वर्षांनी त्यातले कोणते पृथ्वीचे आणि कोणते भिंतीचे, हे कोणालाच सांगता येणार नाही. एका वर्षाच्या मोजणीला काळ्या दगडाची खोली कदाचित चालून गेली असती. शतकभराच्या मोजणीला ती चालली नसती. ज्यांनी परराज्यातला दगड आणवला त्यांनी आपल्या हयातीपलीकडचा विचार केला होता, आणि मला या इतिहासात सर्वांत आदर वाटतो तो याच गोष्टीचा.

काळ्या कातळाला इथे दारातच अडवले, पण त्याच्या ज्या गुणामुळे अडवले तोच गुण दुसरीकडे साक्षीला आला. लाव्हा थंड होताना मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या खाली येतो आणि त्या वेळच्या क्षेत्राची दिशा गोठवतो. १९५० च्या दशकात लंडनहून भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट यांच्या गटातले क्लेग आणि सहकारी, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती यांनी दख्खनच्या कातळाचे दिशा राखून नमुने काढले आणि त्यांतले चुंबकत्व मोजले. आज अलिबागला चुंबकसूची मोकळी सोडली तर ती क्षितिजाखाली साधारण पाव काटकोनाहून थोडी अधिक झुकते. कातळात गोठलेली दिशा पन्नास अंशांच्या आसपास झुकलेली निघाली, आणि तीही दक्षिण गोलार्धात शोभेल अशी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा वाहिला तेव्हा महाराष्ट्राची भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, जवळजवळ तीस अंशांवर होती. खंड सरकतात की नाही यावर तेव्हा जगात कडाक्याचा वाद चालू होता, आणि हा पुरावा त्या वादात खंड सरकतात या बाजूच्या पारड्यात पडला. सह्याद्रीच्या बहुतेक थरांत क्षेत्राची दिशा आजच्या उलट आहे आणि महाबळेश्वरच्या माथ्याकडे ती आजच्यासारखी होते. पृथ्वीचे ध्रुव उलटल्याची नोंद आपल्या घाटांच्या कड्यांत थरावर थर अशी रचलेली आहे. कातळ चुंबकत्व विसरत नाही म्हणून तो भिंतीला नालायक. विसरत नाही म्हणूनच पुरावा म्हणून ग्राह्य. पदार्थाच्या गुणाला जागेवाचून किंमत नाही, हे इथे जितके स्पष्ट दिसते तितके मला अन्यत्र दिसलेले नाही.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. उपग्रह सबंध पृथ्वीचे क्षेत्र मोजतात, मग एका किनाऱ्यावरच्या खोलीची गरज काय? उपग्रह हजारो मैल फिरतो. एका ठिकाणी थांबून शंभर वर्षे पाहणे त्याला जमत नाही, आणि त्याच्या वाचनात जागा बदलल्याचा फरक कोणता आणि वेळ बदलल्याचा कोणता, हे ठरवायला जमिनीवरची स्थिर ठिकाणे लागतातच. १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्था अलिबागचे काम पाहते. तिचे मुख्य ठाणे आता पनवेलला आहे. टांगलेल्या पोलादी चुंबकाची जागा नव्या उपकरणांनी घेतली. त्यांतले एक तर रॉकेलसारख्या द्रवावर चालते: त्यातल्या हायड्रोजनच्या प्रोटॉनांना धक्का दिला की ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या प्रमाणात, अलिबागला सेकंदाला अठराशेच्या आसपास, गिरक्या घेतात आणि त्या मोजल्या की क्षेत्र कळते. उपकरणे नॅनोटेस्लाच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली वाचू लागली, आणि त्यामुळे भोवतालचे पथ्य सैल होण्याऐवजी अधिक कडक झाले. ग्रबच्या उपकरणाला जी गडबड दिसलीही नसती, ती आता स्पष्ट उमटते. वीस मीटरवर उभी केलेली मोटार काही नॅनोटेस्लांचा फरक पाडते. तेवढा फरक शांत दिवसाच्या नैसर्गिक हालचालीत मिसळायला पुरेसा आहे. १९०४ साली अलिबागला ना रेल्वे होती ना वीज. आज शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी तिथले रस्ते भरतात, आणि समुद्रकिनाऱ्याच्या जमिनीला जो भाव आला आहे त्यात वेधशाळेभोवतीचे मोकळे अंतर कोणाच्याही सातबाऱ्यावर नोंदलेले नाही. भिंती पोरबंदरच्या दगडाच्या आहेत आणि त्या टिकतील. त्या भिंतींच्या पलीकडे किती मीटरपर्यंत लोखंड आणि वीज येऊ द्यायची, हे आता वेधशाळेच्या नव्हे, नगररचनेच्या नकाशावर ठरणार आहे.